कझान की कॅनडा? सतराव्या वर्षाच्या उंबरठ्यावरचा एक निर्णय

पत्राचा सारांश: आमचे मूळ गाव सांगली. मी वैद्यकीय शिक्षणासाठी रशियात कझानला आले, इथेच लग्न झाले आणि आता इथल्याच एका रुग्णालयात काम करते. माझे यजमान तातार आहेत. आमचा मुलगा सहाव्या वर्षापासून आइस हॉकी खेळतो, सध्या डाव्या विंगवर. येत्या नोव्हेंबरात त्याला सतरा पूर्ण होतील. त्याच्या क्लबने त्याच्यापुढे तीन वर्षांचा करार ठेवला आहे. त्याच वेळी कॅनडातल्या एका ज्युनियर संघाने परदेशी खेळाडूंच्या निवडीत त्याचे नाव घेतले असून त्यांना ऑगस्टच्या मध्यापर्यंत उत्तर हवे आहे. एजंट म्हणतो, "रशियात आता कोणी पाहायला येत नाही, निघा." प्रशिक्षक म्हणतात, "जे गेले ते हात हलवत परत आले." यजमानांचा कल ठेवून घेण्याकडे आहे, आणि मला अठराव्या वर्षानंतरच्या सैन्यसेवेची धास्ती वाटते. मुलगा काहीच बोलत नाही. गेल्या हंगामाच्या अखेरच्या सामन्यांत त्याला बाकावर बसवून ठेवले, तेव्हापासून तो गप्पच आहे. काय करावे?

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दुसऱ्या वाचनात माझे लक्ष एका शब्दावर थांबले. तो शब्द म्हणजे नोव्हेंबर. तुमच्या भोवतीची मंडळी ज्या घाईने बोलत आहेत ती घाई त्या एका शब्दापुढे टिकत नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

एनएचएलच्या, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक हॉकी लीगच्या, वार्षिक ड्राफ्टसाठी, म्हणजे संघांनी नवे खेळाडू निवडून घेण्याच्या प्रक्रियेसाठी, त्या वर्षीच्या १५ सप्टेंबरपर्यंत खेळाडूला अठरा वर्षे पूर्ण व्हावी लागतात. तुमच्या चिरंजीवांचा जन्म नोव्हेंबरातला असल्यामुळे पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात त्यांचे नाव यादीत येऊच शकत नाही. ते येईल त्यानंतरच्या उन्हाळ्यात. म्हणजे त्यांच्या हाती एक नाही, पूर्ण दोन हंगाम आहेत. अलेक्झांडर ओव्हेच्किनचा जन्म १७ सप्टेंबर १९८५ चा. केवळ दोन दिवसांनी त्याचा २००३ चा ड्राफ्ट हुकला. फ्लोरिडाच्या संघाने लीप वर्षांचे जादा दिवस मोजून तो पात्र ठरतो असा युक्तिवादही करून पाहिला, पण तो मान्य झाला नाही. ते वाढीव वर्ष तो मॉस्कोत डायनॅमोकडून मोठ्या माणसांत खेळला, २००४ मध्ये त्याची पहिल्या क्रमांकाने निवड झाली आणि अमेरिकेत तो उतरला २००५ मध्ये. ज्या मुलाला असे वर्ष जन्मतारखेनेच मिळाले आहे, त्याच्या आईने ऑगस्टच्या मुदतीला भिऊन निर्णय घेऊ नये.

आता मूळ प्रश्न. रशियन मुलाने घरी घडावे की बाहेर, या वादात दोन्ही बाजू आपापल्या सोयीची नावे पुढे करतात, आणि ती नावे दोन्हीकडे भरपूर आहेत. किरिल काप्रिझोव्ह नोवोकुझ्नेत्स्कमध्ये घडला. २०१५ च्या ड्राफ्टमध्ये त्याला पाचव्या फेरीत, १३५ व्या क्रमांकावर घेतले गेले, आणि तरीही तो २०२० पर्यंत रशियातच खेळत राहिला. मिनेसोटात आल्या आल्या पहिल्याच हंगामात तो सर्वोत्तम नवोदित ठरला. आर्तेमी पनारिनची तर ड्राफ्टमध्ये निवडच झाली नव्हती; तो तेविसाव्या वर्षी, सेंट पीटर्सबर्गच्या स्का संघाबरोबर रशियातल्या अव्वल लीगचा गागारिन चषक जिंकून, २०१५ मध्ये शिकागोला गेला आणि त्यानेही नवोदितांचा पुरस्कार घेतला. गोलरक्षकांमध्ये तर वासिलेव्स्की, शेस्टर्किन, सोरोकिन, बोब्रोव्स्की ही सगळीच मंडळी रशियात पिकून मग गेलेली आहेत.

पण दुसऱ्या बाजूलाही वजन आहे. बर्नाऊलमध्ये जन्मलेला आंद्रेई स्वेच्निकोव्ह आधी अमेरिकेच्या आणि मग कॅनडाच्या ज्युनियर लीगमध्ये खेळला आणि २०१८ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर निवडला गेला. यारोस्लावलचा इव्हान प्रोव्होरोव्ह तर मिसरूड फुटण्याआधीच अमेरिकेत पोहोचला होता. २०१५ मध्ये तो सातव्या क्रमांकावर निवडला गेला आणि एकोणिसाव्या वर्षी एनएचएलमध्ये नियमित खेळू लागला. निकिता कुचेरोव्हला मॉस्कोत पुरेसे खेळायला मिळत नव्हते म्हणून तो २०१२ मध्ये क्वेबेकच्या ज्युनियर लीगमध्ये गेला, आणि पुढे २०१९ मध्ये एनएचएलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

तुमच्याच तातारस्तानातले उदाहरण तुमच्या घरात नक्कीच निघाले असेल. निझ्नेकाम्स्कचा नेल याकुपोव्ह २०१० मध्ये कॅनडातल्या सार्नियाला गेला, पहिल्याच हंगामात त्याने ४९ गोल केले आणि २०१२ मध्ये सगळ्या जगातून पहिला निवडला गेला. सहा हंगामांनंतर, अवघ्या चोविसाव्या वर्षी, तो रशियात परतला. प्रशिक्षक ज्यांना "हात हलवत परत आलेले" म्हणतात त्यांत त्याचे नाव पहिले असणार. मला हे बोलणे अन्यायाचे वाटते. सार्नियात त्याचे काहीही चुकले नव्हते. तिथे तो उत्तमच खेळला. अडचण आली ती एकोणिसाव्या वर्षी एका कमकुवत संघात मोठ्या अपेक्षांखाली उभे राहिल्यावर. वालेरी निचुश्किन तर थेट चेल्याबिन्स्कहून, कॅनडाच्या ज्युनियर लीगला न शिवता, अठराव्या वर्षी डॅलसला गेला होता, आणि त्यालाही मध्येच दोन वर्षे मॉस्कोला परतावे लागले. दुसऱ्या खेपेला डॅलसमध्ये त्याने एका अख्ख्या हंगामात एकही गोल केला नाही. मग कोलोराडोत गेला आणि २०२२ मध्ये एनएचएलचा स्टॅन्ले चषक जिंकला. म्हणून कोण कुठून गेला एवढ्यावरून काही ठरवू नका. प्रत्येकाच्या बाबतीत हेच पाहा, की सतरा ते वीस या वर्षांत तो दर आठवड्याला किती खेळत होता, आणि चुकल्यावरही प्रशिक्षक त्याला पुन्हा बर्फावर पाठवत होता का. माझे सगळे मत या एका गोष्टीवर उभे आहे.

हे मी वर्तमानपत्रे वाचून म्हणत नाही. आम्ही ऑन्टारिओत राहतो आणि काही वर्षे आमच्या घरी ज्युनियर संघाचे खेळाडू राहत असत. इथे अशा यजमान घरांना बिलेट म्हणतात. त्यांतला एक मुलगा चेल्याबिन्स्कचा होता. ऑगस्टमध्ये दोन भल्यामोठ्या बॅगा घेऊन तो आमच्या दारात उभा राहिला तेव्हा त्याला इंग्रजीतले तीस-चाळीस शब्द येत असतील. पहिले तीन आठवडे प्रशिक्षक फळ्यावर रेघा ओढून काही सांगत आणि हा प्रत्येक वाक्याला "येस" म्हणे. मग सरावात भलत्याच जागी उभा राही. प्रशिक्षकांना वाटले, मुलगा आळशी आहे. तळघरात त्याची खोली होती. तिथे भट्टीच्या झरोक्यावर त्याचे हातमोजे वाळत पडलेले असत आणि त्यांचा आंबूस वास जिन्यापर्यंत येई. माझ्या पत्नीने त्याच्यासाठी ग्रेच्का, म्हणजे कुट्टूचे दाणे, शिजवायला शिकून घेतली, आणि तो वरणभातावर आंबट साय घालून खायला शिकला. नोव्हेंबरातल्या एका रात्री अकरा वाजता मी दिवे बंद करायला उतरलो, तर हा जिन्याच्या शेवटच्या पायरीवर, मांडीवर एक स्केट घेऊन, त्याचे पाते अंगठ्याने चाचपत बसलेला. फोन कानाला होता. चेल्याबिन्स्कमध्ये तेव्हा सकाळचे नऊ वाजलेले असतात. आईला तो सांगत होता, "सगळं छान आहे." एवढे रशियन मला तोवर कळू लागले होते. त्या आठवड्यातल्या तीन सामन्यांत मिळून तो दहा मिनिटेही खेळला नव्हता.

दुसऱ्या वर्षी डिसेंबरात संघाने त्याला मोकळे केले. परदेशी खेळाडूंच्या जागा प्रत्येक संघात मोजक्याच असतात आणि त्याची जागा त्यांना दुसऱ्या मुलासाठी हवी होती. बॅगा भरायला दोन दिवस मिळाले. कॅनडाचा खेळाडू अशा वेळी दुसऱ्या संघात जातो, शाळा बदलतो, निदान देश तरी बदलत नाही. परदेशी मुलाला मात्र जागा गेली की बहुधा विमानतळच गाठावा लागतो. तो आजही रशियात दुसऱ्या श्रेणीच्या लीगमध्ये खेळतो आणि नवीन वर्षाला न चुकता फोन करतो. गेल्याचा त्याला पश्चात्ताप नाही. एवढेच म्हणतो, की एक वर्ष उशिरा आणि भाषा शिकून यायला हवे होते.

कॅनडाच्या ज्युनियर लीगचा गुण कोणता आणि उणीव कोणती, हे नीट समजून घ्या. ऑन्टारिओच्या लीगमध्ये प्रत्येक संघ नियमित हंगामात ६८ सामने खेळतो. सडबरी किंवा सू सेंट मरीसारख्या उत्तरेकडच्या शहरांत खेळायला दक्षिणेतल्या संघांना बसमध्ये कित्येक तास काढावे लागतात. सामन्यांचा अनुभव प्रचंड मिळतो. अरुंद बर्फावर, अंगावर येणाऱ्या बचावपटूपुढे झटपट निर्णय घ्यायची सवय लागते. पारंपरिक आंतरराष्ट्रीय रिंक ३० मीटर रुंद असे आणि उत्तर अमेरिकेतली जवळपास २६ मीटर आहे. विंगवरच्या मुलासाठी हे चार मीटर म्हणजे कठड्याजवळचा अर्धा श्वास असतो. पण आठवड्याला तीन सामने आणि प्रवास एवढे झाल्यावर शांतपणे, तासन्‌तास स्केटिंग आणि स्टिकवरचा ताबा घोटून घेण्याला वेळ कमीच उरतो, आणि रशियन शाळेचे बळ नेमके तिथेच आहे. तुमच्या पत्रात उंची १८३ सेंटिमीटर आणि वजन ६९ किलो असे लिहिले आहे. तुम्ही स्वतः डॉक्टर आहात. हे शरीर अजून भरायचे आहे हे मी तुम्हाला सांगायला नको. अशा मुलाला या एका वर्षात सामन्यांपेक्षा व्यायामशाळा, झोप आणि सराव यांचा उपयोग अधिक होईल असे माझे मत आहे.

एजंटांच्या बोलण्यात काही तथ्य आहे, पण अर्धेच. फेब्रुवारी २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने रशियाच्या संघांना स्पर्धांतून बाहेर काढले. ज्या ज्युनियर विश्वस्पर्धेत सगळ्या जगाचे निरीक्षक एका जागी जमत, तिथे त्यानंतरच्या मुलांना स्वतःला दाखवता आले नाही, हे त्यांचे खरेखुरे नुकसान आहे आणि त्यांचा त्यात काडीचाही दोष नाही. तरीही २०२३ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या बारांत रशियात खेळणारी तीन मुले होती: सहावा दिमित्री सिमाशेव्ह, सातवा मत्वेई मिच्कोव्ह आणि बारावा दानिल बुत. २०२४ मध्ये इव्हान देमिदोव्ह पाचवा आणि अंतोन सिलायेव्ह दहावा. जो डोळ्यांत भरतो त्याला शोधून काढतात. उलट ज्या कॅनडाच्या दाराकडे एजंट बोट दाखवत आहेत, ते दार याच राजकारणामुळे २०२२ मध्ये रशियन मुलांना बंद झाले होते आणि २०२४ मध्ये पुन्हा उघडले. ते कायम उघडे राहील असे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही, हेही मी तुमच्यापासून लपवणार नाही.

मग घरीच राहणे सुरक्षित का? तेही तसे नाही, आणि इथे मला तुमच्या यजमानांशी थोडे बोलायचे आहे. घरच्या क्लबमध्ये गुणी मुलगा कसा अडकतो हे देमिदोव्हने दाखवून दिले. २०२४-२५ च्या हंगामात त्याने केएचएलमध्ये, म्हणजे रशियातल्या त्या अव्वल लीगमध्ये, ४९ गुण मिळवले, वीस वर्षांखालच्या कोणाही खेळाडूने एका हंगामात तोवर एवढे मिळवले नव्हते. आणि तरी त्याच हंगामात असे सामने झाले की तो गणवेश घालून बाकावर बसला आणि जेमतेम काही मिनिटे खेळला. मोठ्या, श्रीमंत क्लबमध्ये प्रशिक्षकाची नोकरी पुढच्या विजयावर अवलंबून असते. तो तिशीतल्या अनुभवी माणसाला पाठवतो. तुमच्या शहराच्या अक बार्स क्लबने २००९, २०१० आणि २०१८ असा तीनदा गागारिन चषक जिंकला आहे. अशा शहरात चषकाची भूक मोठी असते, आणि कोवळ्या मुलाच्या चुका सोसण्याइतकी सवड कमी. मिच्कोव्हला मोठ्या संघात जागा मिळेना तेव्हा तो सोचीच्या तळाच्या संघात उसना गेला आणि तिथे भरपूर खेळला. खालच्या संघात जाण्याला त्याने कमीपणा मानला नाही, ही गोष्ट तुमच्या मुलाच्या कानावर घाला.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे: हा हंगाम त्याने कझानमध्येच खेळावा, पण तीन वर्षांच्या करारावर सही करू नये.

रशिया आणि एनएचएल यांच्यात खेळाडूंच्या हस्तांतराचा कोणताही करार नाही. याचा अर्थ असा, की मुलाने ज्या तारखेपर्यंत सही केली त्या तारखेपर्यंत त्याला सोडायचे की नाही हे क्लबच्या मर्जीवर राहते. काप्रिझोव्ह पाच वर्षे थांबला. मिच्कोव्हचा करार २०२६ पर्यंतचा होता आणि ड्राफ्टमध्ये तो मागे घसरण्याचे ते एक कारण मानले गेले. क्लबने त्याला २०२४ मध्ये सोडले म्हणून तो फिलाडेल्फियाला जाऊ शकला. तुमच्या मुलाने आज तीन वर्षांची सही केली तर तो बांधला जाईल नेमका त्या उन्हाळ्यापलीकडे, ज्या उन्हाळ्यात त्याची निवड व्हायची आहे. एक वर्षाचा करार मागा. फार तर दोन, म्हणजे तो त्याच्या ड्राफ्टच्या वेळी संपेल. क्लब नाराज होईल, काही दिवस दबावही येईल. पण ज्या क्लबला मुलगा खरोखर हवा असतो तो दोन वर्षांवर येतो, आणि जो येत नाही त्याने तुम्हाला आपले उत्तर दिलेलेच असते. करार दुहेरी असेल, म्हणजे वरच्या संघात एक पगार आणि खालच्या संघात दुसरा, तर त्यातला खालचा आकडाच खरा धरून चाला. सही करण्यापूर्वी एमएचएलच्या, म्हणजे रशियाच्या ज्युनियर लीगच्या, संघात तो कोणत्या लाइनमध्ये, म्हणजे एकत्र बर्फावर उतरणाऱ्या कोणत्या तुकडीत, खेळेल, प्रतिस्पर्धी एकाने कमी असताना त्याला पाठवणार का, हे प्रशिक्षकांना समोर बसवून विचारा. ज्यांनी त्याला शेवटच्या सामन्यांत बसवले तेच पुढच्या वर्षीही असतील, तर का बसवले हेही विचारा. कारण ऐकण्याचा त्या मुलाला हक्क आहे.

तुम्ही ज्या वाक्याखाली रेघ ओढली आहे, त्या सैन्यसेवेविषयी. रशियात ती बारा महिन्यांची आहे आणि जानेवारी २०२४ पासून वयोमर्यादा १८ ते ३० अशी झाली आहे. गोलरक्षक इव्हान फेदोतोव्हने फिलाडेल्फियाशी करार केल्यावर जुलै २०२२ मध्ये त्याला सेंट पीटर्सबर्गमध्ये ताब्यात घेऊन उत्तरेला सेवेसाठी पाठवले, हे तुमच्या मनात असणार. तुमची भीती अनाठायी आहे असे मी म्हणणार नाही. पण सतराव्या वर्षी कॅनडाला गेल्याने हा प्रश्न सुटत नाही. मुलगा दर उन्हाळ्यात आजीला भेटायला येईल आणि प्रश्न तिथेच उभा असेल. पूर्णवेळ विद्यार्थ्याला शिक्षण संपेपर्यंत कायद्याने मुदत मिळते. कझानमध्येच शारीरिक शिक्षण आणि क्रीडा यांचे विद्यापीठ आहे. शाळा संपताच पूर्णवेळ अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यावा, आणि त्याआधी एजंटांचे नव्हे, तर या विषयातल्या एखाद्या स्थानिक वकिलाचे मत पैसे मोजून घ्यावे.

आणखी एक वाट तुमच्या पत्रात आलेली नाही. १ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेच्या महाविद्यालयीन हॉकीने कॅनडाच्या ज्युनियर लीगमधल्या खेळाडूंनाही प्रवेश दिला आहे. त्यामुळे अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी एक वर्ष ज्युनियर आणि मग पदवी व खेळ असा मार्ग आता मोकळा आहे. मात्र व्यावसायिक करारावर सही झाली की हा दरवाजा बंद होऊ शकतो. तीन वर्षांच्या कागदाला घाईने हात न लावण्याचे हे दुसरे कारण. आणि वाट कोणतीही असो, इंग्रजी आजपासून सुरू व्हायला हवे. आठवड्यातून चार दिवस, शिक्षक लावून. तुम्ही स्वतः इंग्रजी बोलता. जेवणाच्या वेळी घरात तेच बोला.

कॅनडाच्या संघाला ऑगस्टची वाट न पाहता तुम्ही स्वतः पत्र लिहा, एजंटांकरवी नको. यंदा शाळा आणि वाढ यांमुळे येत नाही, पुढच्या वर्षी बोलायला आवडेल, एवढे पुरे. पुढच्या मे महिन्यात हंगामाचे सामने मोजा. एमएचएलमध्ये तो पहिल्या दोन लाइनमध्ये नियमित खेळला असेल तर पुढचा हंगाम त्याने व्हीएचएलमध्ये, म्हणजे रशियाच्या दुसऱ्या श्रेणीच्या लीगमध्ये, मोठ्या माणसांत खेळावा. निम्मे सामने बाकावर गेले असतील तर खुशाल कॅनडा गाठावा. तेव्हा मी स्वतः तुमच्याबरोबर संघाच्या लोकांशी बोलेन, यजमान घर कोणते, प्रशिक्षक किती वर्षांपासून आहेत, आधीचे परदेशी खेळाडू किती महिने टिकले, हे विचारून घेईन.

हे सगळे मी तुम्हाला लिहिले, पण मुलगा काय म्हणतो ते अजून मला ठाऊक नाही. तो रागाने जाऊ पाहत असेल तर तो राग प्रशिक्षकांवरचा आहे, कॅनडावरचे प्रेम नव्हे, आणि असा राग विमानात बरोबरच बसतो. जेवणाच्या टेबलावर, वडील आणि आजी समोर असताना त्याला विचारू नका. सरावानंतर रात्री त्याला आणायला तुम्हीच जा. ओले केस, मागच्या सीटवर बॅग, बाहेर अंधार. या वयाची मुले अशा वेळी, समोर न पाहता, बोलतात. मराठीत विचारा, त्याला समजते असे तुम्ही लिहिलेच आहे. तो काय म्हणाला ते मला कळवा, मग क्लबला काय लिहायचे ते आपण दोघे मिळून ठरवू.